एम.एस्सी. केमिस्ट्री झालं. खानदेशात राहून काम मिळेल, की बाहेर पडावं?

अनेरकाठ

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातली. जळगावच्या विद्यापीठातून एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री केलं, फर्स्ट क्लास आहे. निकाल लागून आता वर्ष होत आलं. नोकरीच्या साइट्सवर रोज अर्ज करते, उत्तर येत नाही. जळगाव एमआयडीसीत बायोडाटा देऊन आले, तिथे "अनुभव आहे का" एवढंच विचारलं. अनुभव कुणी दिला तर येईल ना?

घरी केळी आणि कापूस. वडील म्हणतात, कॉलेजात तासिकेवर शिकव, नाहीतर बी.एड. कर. भाऊ पोलीस भरतीचं ग्राउंड मारतोय. नातेवाईक भेटले की एकच विचारतात, "पोर काय करी राह्यनी मंग?" आणि पुढच्या वाक्याला स्थळ काढतात.

मला लॅबमध्ये काम करायचं आहे. पहिल्या वर्षी पगार कमी असला तरी चालेल, पण काम खरं हवं. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये केमिस्ट्रीवाल्यांना काही आहे का? बाहेर जायचं तर कुठे? आणि सोबत स्पर्धा परीक्षा द्यावी का? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

जंक्शनवाला

भुसावळहून. ताई, तुमचा प्रश्न आमच्या घरातलाच आहे, पुतण्याचं हेच चाललंय. आमच्या पिढीला रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र आणि वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी एवढं माहीत होतं. त्यामुळे पोरांना सल्ला देताना आम्ही अजून तेच सांगतो. जागा किती निघतात आणि अर्ज किती येतात हे आता पेपरात वाचतो तेव्हा कळतं. जाणकारांची वाट बघतो, धागा वाचत राहीन.

उद्योगवसाहत

जळगावात एका पाइप कारखान्यात आहे, लॅबसाठी माणसं निवडताना बसतो. लांबलचक लिहितोय, कारण मुलं गेटवरून परत जातात आणि आत काय काम असतं हे त्यांना कुणी सांगतच नाही.

जळगाव म्हटलं की ठिबक, पाइप, प्लास्टिकच्या चटया, डाळ मिल आणि तेल. यातल्या पाइपवाल्यांना आयएसआय मार्क टिकवायचा तर कारखान्यात स्वतःची लॅब लागते आणि ती चालवणारा माणूस लागतो. पीव्हीसी पाइपचं मानक आयएस ४९८५, पाण्याच्या एचडीपीई पाइपचं आयएस ४९८४. रोजचं काम म्हणजे घनता, मेल्ट फ्लो इंडेक्स (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं), काळ्या पाइपमध्ये कार्बन ब्लॅक किती, आणि पाण्याच्या दाबाखाली पाइप किती तास टिकतो. एम.एस्सी.च्या मुलाला हे पंधरा दिवसांत येतं. पण मुलाखतीत मी "मेल्ट फ्लो इंडेक्स म्हणजे काय" विचारतो, तेव्हा समोरचा गप्प बसतो. पॉलिमरचा पेपर त्याने पास केलेला असतो! जिथे जाताय तिथे काय बनतं आणि ते कशावर तपासतात, एवढं आदल्या रात्री वाचून आलेला उमेदवार मला क्वचित भेटतो. भेटला की त्याचा बायोडाटा वेगळा काढून ठेवतो.

तेल गिरणीत फ्री फॅटी ॲसिड, आयोडीन व्हॅल्यू आणि ओलावा. दूध संघात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), भेसळ. दोंडाईच्याकडे स्टार्च आहे, शिरपूरला कापड आणि रंगाई. वीज केंद्रात बॉयलरच्या पाण्याची केमिस्ट्री हा वेगळाच विभाग असतो. म्हणजे काम आहे. पण खरं सांगायचं तर जागा मोजक्या. एका लॅबमध्ये दोन-चार माणसं, तीही वर्षानुवर्षे टिकणारी. जाहिरात येत नाही, कुणी सोडून गेलं की ओळखीतून भरतात. म्हणून गेटवर बायोडाटा देऊन भागत नाही. सिक्युरिटीच्या टेबलावर तसे गठ्ठे पडलेले असतात. आपल्या विभागातून आधी पास झालेलं कोण कुठल्या लॅबमध्ये आहे ते शोधा आणि त्याला थेट फोन करा. खानदेशातला माणूस गावाचं नाव ऐकलं की फोन ठेवत नाही.

अनेरकाठ

उद्योगवसाहतदादा, मनापासून आभार. मेल्ट फ्लो इंडेक्स मलाही सांगता आला नसता असं नाही, पण कुणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं.

टायट्रेशन

मी नंदुरबारचा. अंकलेश्वरला एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात आहे, सुरुवातही इथूनच केली. ताई, तुम्ही ऑरगॅनिकवाल्या आहात. तुमचं मार्केट जळगाव नाही, खाली गुजरातेत आहे. अंकलेश्वर, पानोली, झगडिया, दहेज आणि दक्षिणेला वापी. महाराष्ट्रातच राहायचं असेल तर तारापूर-बोईसर, महाड, कुरकुंभ आणि संभाजीनगरचं वाळूज. नंदुरबारहून सुरतची गाडी धरली की पुढे अंकलेश्वर लांब नाही. आमच्या लाइनमध्ये खानदेशी मुलं इतकी आहेत की कॅन्टीनमध्ये अहिराणी ऐकू येते.

इथली पद्धत वॉक-इनची. रविवारी सकाळी हॉटेलात किंवा कंपनीच्या ऑफिसात मुलाखती, जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरते. रांग लांब असते, पण दिवसाअखेर निवड कळते. ऑनलाइन अर्जांच्या ढिगात फ्रेशरला कुणी बघत नाही, वॉक-इनला समोर बसायला तरी मिळतं.

आता काय विचारतात ते सांगतो, कारण हेच महत्त्वाचं आहे. पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी तोच, "०.१ नॉर्मल एचसीएल एक लिटर कसं करशील?" तीव्र आम्ल साधारण १२ नॉर्मल असतं, म्हणून साडेआठ मिलीच्या आसपास घ्यायचं, ते पाण्यात सोडायचं आणि लिटर पुरं करायचं. इथे पाठ करणारे थांबतात. खरा प्रश्न पुढचा आहे, "मग ते ०.१ आहे हे कशावरून?" सोडियम कार्बोनेटवर स्टँडर्डाइझ करायचं, म्हणजे त्याच्या मोजून केलेल्या द्रावणाशी ताडून बघायचं, प्रत्यक्ष नॉर्मॅलिटी काढायची, बाटलीवर तारीख आणि सही टाकायची. जो तारीख आणि सही म्हणाला तो अर्धा निवडला गेला असं समजा.

औषध कंपनीत लिहिलं नाही ते झालंच नाही. कुणी केलं, कधी केलं, त्याच वेळी नोंदवलं का, मूळ नोंद कुठे आहे, खाडाखोड केली तर एका रेघेने खोडून सही केली का. परदेशी तपासनीस येतात ते हेच बघायला येतात. कॉलेजच्या जर्नलमध्ये आपण रीडिंग मागून भरतो. ती सवय इथे नोकरी घालवते.

त्यानंतर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. मोबाइल फेज कसा करतात, कॉलम सी-१८ म्हणजे काय, पीकला शेपूट का येतं, कॅलिब्रेशन आणि व्हॅलिडेशनमध्ये फरक काय. मशीन हाताळलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. "पाहिलं आहे, चालवलेलं नाही, तत्त्व सांगू शकते" हे उत्तर चालतं. चालवलंय म्हणून सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाला अडकलं की मुलाखत तिथेच संपते.

विद्यापीठात रसायनशास्त्राच्या विभागात मोठी उपकरणं आहेत, शेजारीच केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे. माजी विद्यार्थिनी म्हणून सरांना विनंती करा, कुणाच्या तरी पीएच.डी.च्या सॅम्पलला आठवडाभर मदत करा. बायोडाट्यात ती एक ओळ खरी असेल.

गिरणाथडी

भडगावचा आहे, जळगावात अभ्यासिकेत बसतो. इथे परीक्षेचा विषय कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. आम्ही सगळे वेळ वाया घालवतोय असं लोकांना वाटतं, ते मला मान्य नाही. शेतकऱ्याच्या पोराला ओळखीशिवाय मिळणारी नोकरी कोणती? परीक्षेची. वर दादांनीच लिहिलंय की कंपनीत ओळखीतून भरतात. परीक्षेत निदान आडनाव विचारत नाहीत.

पण आकडे डोळ्यांसमोर ठेवा. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागा होत्या, अर्ज दहा लाखांच्या वर गेले. खुल्या गटाला फी १००० रुपये. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा आणि अर्ज सतरा लाखांच्या पुढे. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे "अजून वय आहे" म्हणत माणूस बसून राहतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, म्हणजे पाठांतरावरची जुनी तयारी पुरत नाही.

ताईंना माझा सल्ला असा की परीक्षा द्यायची तर तुमच्या विषयाची द्या. अन्न व औषध प्रशासनात, न्यायसहायक प्रयोगशाळांत, पाणी तपासणीच्या लॅबमध्ये केमिस्ट्रीची पदं निघतात. जागा थोड्या असतात, पण उमेदवारही तेवढेच असतात ज्यांच्याकडे ती पदवी आहे. प्रत्येक जाहिरातीची शैक्षणिक अट नीट वाचा, कारण काही पदांना अनुभव मागतात. आणि तो अनुभव काही ठिकाणी खासगी लॅबचाही चालतो! म्हणजे आधी नोकरी केली तर परीक्षेचं दार बंद होत नाही.

अनेरकाठ

हे मला अजिबात माहीत नव्हतं. आमच्याकडे परीक्षा म्हटलं की तलाठी, पोलीस आणि एमपीएससी.

तासिकेवर शिकवण्याबद्दल कुणी सांगेल का? वडिलांचा जोर त्यावर आहे. घरून जाऊन येता येईल म्हणतात.

खडू_डस्टर

मी धुळे जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकवतो आहे, म्हणून उत्तर द्यायचा हक्क आहे. शिकवायला मला मनापासून आवडतं. पण घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, सुट्टीत आणि परीक्षेच्या काळात काही नाही, आणि ते पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. पुढच्या वर्षी तीच जागा मिळेल याची खात्री नाही. कायम व्हायचं तर सेट, नेट किंवा पीएच.डी. लागणारच. सेट-नेटचा अभ्यास करत असाल आणि प्राध्यापकच व्हायचं असेल तर तासिका घ्या. घराजवळ काहीतरी हवं म्हणून घेऊ नका. दोन-तीन वर्षं गेली की कंपनीवाले विचारतात, पास होऊन इतका काळ लॅबपासून लांब का?

केळीपेटी

सावद्याहून. वाचत होतो, आता राहवत नाही. सगळे ताईंना बाहेर पाठवायला निघालेत. तुमच्या दारातलं पीक कुणाला दिसत नाही का?

रावेर-यावल पट्ट्यात निर्यातीची पॅकहाउस उभी राहिली आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आखातात माल जातो, तेरा किलोची पेटी. बागेतून घड येतो, फण्या सुटतात, तुरटीच्या पाण्यात चीक धुतला जातो, जाडी कॅलिपरने मोजतात, डाग बघतात, मग पॅकिंग, प्रीकूलिंग आणि साधारण १३ अंशांवर कंटेनर. या प्रत्येक टप्प्यावर नोंद लागते. युरोपची किंवा मोठ्या खरेदीदाराची ऑर्डर असली की फवारणीच्या औषधांच्या अंशाचा रिपोर्ट लागतो, ग्लोबलगॅप या चांगल्या शेतीच्या मानकाचं ऑडिट असतं. आमच्याकडे हात भरपूर आहेत. कागद वाचणारा, मर्यादेपेक्षा जास्त अंश का आला हे शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस सापडत नाही. रसायनशास्त्र शिकलेली, केळीच्या घरात वाढलेली मुलगी म्हणजे आम्हाला हवी तीच.

हंगामात काम रात्री-बेरात्री चालतं आणि मंदीत थंडावतं, हे खरं आहे. पगारही औषध कंपनीसारखा वाढत जात नाही. पण टिशू कल्चरच्या लॅब, माती-पाणी परीक्षण, खत कंपन्यांचे फील्डचे लोक असं सगळं धरलं तर हे लहान क्षेत्र नाही.

टायट्रेशन

केळीपेटीदादा, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण एक विचारतो. अंशाची तपासणी तुमच्याकडे होते का? सॅम्पल नाशिक-पुण्याच्या लॅबलाच जातं ना? मग ताईंना तुमच्याकडे कागद मिळेल, मशीन मिळणार नाही. त्यांना लॅब हवीय. त्यांनी आधी दोन वर्षं असे अंश तपासणाऱ्या एखाद्या रेसिड्यू लॅबमध्ये काढावीत, तिथे एलसी-एमएस, जीसी-एमएस ही अंश मोजणारी मशीनं हाताळावीत, मग केळीकडे परतावं. तेव्हा तुम्हीच त्यांना जास्त पगार देऊन बोलवाल.

केळीपेटी

हे पटलं. सॅम्पल बाहेरच जातं. तशी लॅब आपल्याकडे कुणी काढली तर खानदेशाचं भलं होईल, पण ती चालवायला माणूस आधी शिकून यावा लागेल हेही खरं. ताई, नाशिकच्या लॅब नक्की बघा. द्राक्षामुळे तिथे हे काम बरंच आहे आणि चोपड्याहून नाशिक घरच्यांनाही परकं वाटणार नाही.

पिंपरीत_धुळेकर

मुलगी म्हणून लिहिते. मी धुळ्याची, पुण्यात नोकरीला आहे. वडिलांचा विरोध नोकरीला नसतो, न दिसणाऱ्या जागेला असतो. माझ्या वडिलांना मी सोबत घेऊन गेले. हॉस्टेल दाखवलं, कंपनीची बस कुठून सुटते ते दाखवलं, आमच्याच तालुक्यातल्या मोठ्या मुलीशी त्यांचं बोलणं करून दिलं. परतीच्या प्रवासात त्यांनीच आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. वादविवादाने हे झालं नसतं.

मुलाखतीतच विचारा: शिफ्ट कोणती, रात्रपाळी आहे का, बस घरापर्यंत येते का, लॅबमध्ये किती मुली आहेत. विचारायला संकोचू नका, चांगली कंपनी यावर नाराज होत नाही. आर अँड डी आणि ॲनॅलिटिकल डेव्हलपमेंटमध्ये बहुतेक जनरल शिफ्ट असते, क्यूसीमध्ये तीन पाळ्या असू शकतात.

आणि पैशांबद्दल. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कोणत्याही नावाने मागोत. माझ्या मैत्रिणीने एका एजंटला पैसे दिले, ऑफर लेटर हुबेहूब खऱ्यासारखं आलं, कंपनीच्या गेटवर गेल्यावर कळलं की असं पद नाहीच. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करायचा, उशीर केला तर पैसे परत मिळायची आशा कमी होते.

अनेरकाठ

माझ्याकडेही जळगावातल्या एका कन्सल्टन्सीने रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले होते. घरी विचारून सांगते म्हणून निघून आले. बरं झालं.

काल वडिलांना हा धागा वाचून दाखवला. केळीपेटीदादांचं त्यांना फार आवडलं, पण टायट्रेशनदादांचं उत्तर आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, नाशिकला तुझ्या मावशीकडे राहता येईल का बघू. इथवर ते पहिल्यांदाच आले आहेत.

अजून दोन शंका. ॲप्रेंटिस म्हणून लागलं तर त्याला अनुभव धरतात का? आणि मुख्यमंत्र्यांची ती प्रशिक्षण योजना घ्यावी का?

उद्योगवसाहत

ॲप्रेंटिसशिप धरतात, आणि मी तर आधी तीच बघा म्हणेन. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली येते, पदवीधरांसाठी नॅट्स या केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करायची. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९००० विद्यावेतन ठरलं होतं, कंपन्या त्याहून जास्तही देतात. शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. कंपनीला यात सरकारकडून काही भाग परत मिळतो, म्हणून अनुभव नसलेल्याला घ्यायला ती तयार होते. तुमच्या "अनुभव कुणी दिला तर येईल ना" याला माझ्या माहितीतलं हेच उत्तर आहे. कायम करतीलच असं नसतं, पण वर्षभर मशीनवर हात बसतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. पदवीधराला महिना १०,००० आणि मुदत आधी सहा महिने होती, नंतर अकरा केली. त्यात बरीच मुलं सरकारी कार्यालयांत बसली, फायली आणि डेटा एंट्री केली, मुदत संपली आणि घरी आली. घ्यायचीच असेल तर लॅब असलेली आस्थापना मिळते का ते बघून घ्या. तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या टेबलावर वर्ष घालवू नका.

जंक्शनवाला

पुतण्याला सगळं वाचायला लावलं. त्याचं बी.एस्सी. आहे, एम.एस्सी. नाही. त्याच्यासाठी काही वेगळं?

टायट्रेशन

काका, बी.एस्सी. केमिस्ट्रीला प्रॉडक्शनमध्ये जास्त मागणी आहे. रिॲक्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर यावर ऑपरेटर किंवा ऑफिसर. अंगमेहनत आहे, सॉल्व्हंटचा वास आहे, पाळ्या आहेत. सुरक्षेचं शिक्षण गांभीर्याने देणारी कंपनीच निवडा. मास्क, अर्थिंग, गॅस डिटेक्टर याबद्दल पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊ नये, पगार कितीही असो. आमच्या पट्ट्यात अपघात झालेले आहेत, पोरं गेलेली आहेत. नोकरीच्या घाईत हे विसरू नका.

अनेरकाठ

सरांना फोन केला. विभागातली एक सीनियर नाशिकच्या फूड टेस्टिंग लॅबमध्ये आहे, तिचा नंबर मिळाला. ती म्हणाली, सॅम्पल प्रिपरेशनला ट्रेनी घेतात, पण रुजू होताना मूळ मार्कशीट जमा करून घेतात आणि दोन वर्षांचा बाँड असतो. हे सगळीकडे असतं का? मूळ कागद देऊ का?

पिंपरीत_धुळेकर

मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नकोस. पडताळणीसाठी दाखव, झेरॉक्स साक्षांकित करून दे, मूळ त्याच वेळी परत घे. "विद्यापीठात पुढच्या नोंदणीसाठी लागणार आहे" असं नम्रपणे सांगितलं तर बहुतेक ऐकतात. ऐकलं नाही तर ती जागा सोड.

बाँड वाचून सही कर. रक्कम किती, ती कशासाठी, मधेच कंपनीने काढलं तर काय, हे तिन्ही लिहिलेलं असायला हवं. कोरा चेक मागितला तर देऊ नकोस.

टायट्रेशन

सहमत. आणि सॅम्पल प्रिपरेशन हलकं समजू नका. सॅम्पल बारीक करणं, ॲसिटोनायट्राइलमध्ये काढणं, शुद्ध करणं, गाळणं, हे नीट झालं नाही तर मशीन कितीही महाग असलं तरी आकडा चुकीचाच येतो. चांगल्या लॅबमध्ये सहा-आठ महिने तिथे ठेवून मगच मशीनवर बसवतात. मशीनवर कधी बसवणार, हे रुजू होण्याआधी त्या सीनियरला विचारून घ्या. ती आत आहे, खरं सांगेल.

अनेरकाठ

विचारलं. ती म्हणाली तिला सात महिन्यांनी बसवलं. सोमवारी वडिलांसोबत नाशिकला जाते आहे, कागदपत्रांची फाइल लावून ठेवली. ०.१ नॉर्मल एचसीएल पाठ न करता दोनदा लिहून काढलं, तारीख आणि सहीसकट.